संयम कोणी पाळायचा? नीतिशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी नीतिशास्त्राचा पेपर शिकवणारे सर्व सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझी पुतणी पुण्यात राहून परीक्षेची तयारी करते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या जीएस-४च्या, म्हणजे नीतिशास्त्राच्या पेपरच्या, नोट्स मी वाचायला मागून घेतल्या. ‘जगातील नैतिक विचारवंत’ या भागात सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल झाल्यावर रोमन लोकांना मिळून एक पान होतं. सिसेरोच्या दोन-तीन ओळी, मग सेनेका, एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस यांची सुटी वचनं. कडेला चौकटीत सूचना होती की ही वचनं उत्तराच्या सुरुवातीला किंवा शेवटी वापरावीत. खाली एक परिच्छेद होता. अभ्यासात मन खचलं, निकाल मनासारखा लागला नाही, तर हे विचारवंत आठवा आणि जे आपल्या हातात नाही त्याची चिंता सोडा, अशा अर्थाचा.

त्या परिच्छेदाशी माझं भांडण नाही. ही मुलं अभ्यासिकेत ज्या ताणाखाली दिवस काढतात तो मी घरात पाहतो आहे. एपिक्टेटसने कुणाला एक रात्र शांत झोप मिळत असेल तर उत्तमच. पण तुमचे विद्यार्थी उमेदवार म्हणून चार-पाच वर्षं राहतील आणि पास झाले तर पुढची तीस वर्षं साहेब म्हणून राहतील. रोमन माणसांनी संयमावर जे लिहिलं त्यातला फार मोठा भाग या तीस वर्षांसाठी आहे. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत, ज्याच्या सहीवर कुणाचं तरी घर अडून आहे, त्याने स्वतःला कसं आवरायचं, हा त्यांचा विषय होता. तो तुमच्या नोट्समधून गळला आहे. तो परत आणा, एवढं मागायला हे पत्र लिहितो आहे.

मी तहसील कार्यालयात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. सेनेका मी नोकरीत असतानाच वाचायला लागलो, इंग्रजी भाषांतरातून, शेजारी शब्दकोश ठेवून. लॅटिन मला येत नाही, पण साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून मी तो वाचला आहे असं म्हणता येईल, आणि तिथून तो फार वेगळा दिसतो.

रागावरचं त्याचं पुस्तक घ्या. तीन भागांचं हे पुस्तक त्याने आपल्या थोरल्या भावाला, नोव्हेटसला उद्देशून लिहिलं. हा भाऊ पुढे ग्रीसमधल्या अकाया प्रांताचा राज्यपाल झाला, म्हणजे अगदी तुमच्या विद्यार्थ्यांच्या वाटेवरचा माणूस. पुस्तकात उदाहरणं येतात ती राजांची, सेनापतींची, गुलामांच्या मालकांची. हाताखालच्याने वरच्याचा जाच कसा सोसावा याबद्दलही दोन शब्द आहेत, पण सगळा भर आहे तो वरच्याने खालच्यावर हात उचलण्याआधी काय करावं यावर.

त्यातली पिसोची गोष्ट वर्गात सांगाच. ग्नेयस पिसो नावाचा एक सेनापती होता. सेनेका त्याचं वर्णन करतो ते लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे: अनेक दुर्गुणांपासून दूर असलेला, पण हेकट आणि कडकपणालाच ठामपणा समजणारा माणूस. दोन शिपाई रजेवर गेले होते, त्यातला एक एकटाच परत आला. सोबत्याचं काय झालं ते त्याला सांगता येईना. पिसोने ठरवलं की यानेच त्याला मारलं असणार. शोधायला थोडा वेळ द्या, असं तो शिपाई विनवत होता, तो दिला नाही. मृत्युदंड फर्मावला. तटबंदीबाहेर नेऊन त्याने मान पुढे केली तोच हरवलेला सोबती समोर येऊन उभा राहिला. वध करून घेण्याचं काम शंभर शिपायांच्या ज्या नायकाकडे होतं त्याने तलवार म्यान करायला लावली आणि दोघांना पिसोकडे परत आणलं. दोघे शिपाई एकमेकांना मिठी मारून चालले होते, मागे अख्खी छावणी आनंदाने लोटली होती. पिसो संतापून आसनावर चढला आणि त्याने तिघांनाही मारायचा हुकूम दिला. पहिल्याला, कारण त्याची शिक्षा आधीच ठरली होती. दुसऱ्याला, कारण सोबत्याच्या शिक्षेला तो कारण झाला. नायकाला, कारण त्याने सेनापतीची आज्ञा मोडली. राग कारणं रचण्यात किती हुशार असतो, असं सेनेका इथे म्हणतो.

सेनेकाच्या वर्णनातला पिसो लाच खाणारा नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुमच्या केस स्टडीमध्ये वाईट अधिकारी म्हटला की तो बहुतेक वेळा पैसे खाणारा किंवा राजकीय दबावाला बळी पडणारा असतो. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले एक साहेब पैशाला कधी शिवले नाहीत. एका दुपारी ते वरिष्ठांच्या बैठकीत बोलणी खाऊन आले. दारात एक म्हातारे गृहस्थ वारस नोंदीसाठी बसले होते, तिसऱ्यांदा आलेले. त्यांनी उठून फक्त एवढंच विचारलं, “साहेब, आज होईल का?” साहेबांनी उभ्या उभ्या कागद चाळले. प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत जोडलेली नव्हती, झेरॉक्स होती. “त्रुटी पूर्ततेसाठी परत” असा शेरा मारून त्यांनी ते प्रकरण परत केलं. मूळ प्रत म्हाताऱ्यांच्या पिशवीतच होती, ती काढायला ते पिशवीची गाठ सोडत होते. साहेब थांबले नाहीत. नियमाप्रमाणे त्या शेऱ्यात कुणालाही खोट काढता आली नसती. तपासणीला आलेल्या पथकानेही ती काढली नाही.

असा राग कागदावर दिसत नाही, म्हणून त्यावर चौकशी लागत नाही. तो आवरायचा तर माणसाने स्वतःच आवरायचा. सेनेकाचं सगळं पुस्तक याच ठिकाणी उपयोगी पडतं. रागावर सगळ्यात मोठं औषध म्हणजे थोडा वेळ जाऊ देणं, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. उमेदवाराला या वाक्यातून काही मिळेल न मिळेल, पण त्या साहेबांना चार मिनिटं थांबायची सवय असती तर एका माणसाची वारस नोंद त्या दिवशी झाली असती.

दुसरी गोष्ट व्हेडियस पोलिओची. हा सम्राट ऑगस्टसचा श्रीमंत मित्र. ऑगस्टस त्याच्याकडे जेवायला आला असताना एका गुलाम पोराच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. व्हेडियसने घरच्या तळ्यात मोठे मांसखाऊ मासे पाळले होते. पोराला त्या तळ्यात टाका, असं त्याने सांगितलं. पोरगा हातातून निसटला आणि त्याने ऑगस्टसचे पाय धरले. त्याने जीव मागितला नाही. मरण दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारे यावं, माशांच्या तोंडी जाऊ नये, एवढंच मागितलं. ऑगस्टसने त्याला सोडून दिलं, घरातले सगळे स्फटिकाचे पेले आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावले आणि ते तळं बुजवायला सांगितलं.

या व्हेडियसचा जन्म मुक्त झालेल्या गुलामांच्या घरातला, असं कॅसियस डिओ हा इतिहासकार नोंदवतो. ज्यांच्या पाठीवर कधी काळी कुणाचा तरी चाबूक होता, त्यांच्याच घरातला हा माणूस. तुमच्या वर्गात शेतमजुराची, रिक्षाचालकाची, घरकाम करणाऱ्या बाईची मुलं बसतात आणि त्यांच्या यशाचा आपल्या सगळ्यांना अभिमान वाटतो, तो वाटायलाच हवा. गरिबीतून आलेला अधिकारी गरिबांशी आपोआप नीट वागेल असं मात्र आपण धरून चालतो. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. एकाने शिपायाला शेवटपर्यंत “काका” म्हणून हाक मारली, दुसऱ्याने पहिल्याच आठवड्यात पाण्याचा ग्लास उशिरा आला म्हणून त्याला चारचौघांत उभं ठेवलं. दोघंही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले.

पाण्याच्या ग्लासावरून एपिक्टेटस आठवतो. तुमच्या नोट्समध्ये त्याचं ‘आपल्या हातात काय आहे आणि काय नाही’ हे वचन आहे आणि त्याच्यापुढे कंसात ‘सहनशीलता’ असं लिहिलं आहे. हा माणूस स्वतः गुलाम होता. त्याचा मालक एपाफ्रोडिटस हा सम्राट नीरोच्या कचेरीतला बडा अधिकारी. मुक्त झाल्यावर एपिक्टेटस रोममध्ये शिकवू लागला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना शहराबाहेर काढलं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला गेला आणि तिथे त्याने शाळा काढली. समोर बसलेली मुलं बरीचशी सुखवस्तू घरांतली, पुढे पदांवर जाणारी. त्याची शिकवण आपल्यापर्यंत आली ती एरियन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गात घेतलेल्या नोट्समधून, आणि हा एरियन पुढे कॅपाडोशिया प्रांताचा राज्यपाल झाला.

या नोट्समध्ये एक प्रसंग आहे. देवांना आवडेल असं जेवावं कसं, असं कुणीतरी विचारतं. एपिक्टेटस सांगतो, तू कोमट पाणी मागितलंस आणि नोकराने ऐकलंच नाही, किंवा ऐकून गार पाणी आणलं, किंवा तो घरातच सापडला नाही, तरी तू चिडला नाहीस, तर ते देवांना आवडेल. समोरचा म्हणतो, असल्या लोकांना सहन तरी कसं करायचं? त्यावर एपिक्टेटस त्या मालकालाच “अरे गुलामा” म्हणून हाक मारतो आणि विचारतो, हा तुझा भाऊ आहे, तुझ्यासारखाच देवाचं लेकरू, त्याला सहन नाही करणार? मी त्याला विकत घेतलंय, माझ्याकडे कागद आहे, असं समोरचा म्हणतो. तेव्हा एपिक्टेटस त्याला सांगतो की तुझी नजर खाली, मातीकडे, मेलेल्यांच्या कायद्याकडे लागली आहे.

एकदा गुलाम असलेला शिक्षक मालकांच्या मुलांना हे सांगतो आहे. याच्यापुढे नुसतं ‘सहनशीलता’ लिहून पुढे जाणं मला पटत नाही.

मार्कस ऑरेलियसचं तेच झालं आहे. पहाटे अंथरुणातून उठायचा कंटाळा येतो तेव्हा माणसाचं काम करायला उठतो आहेस हे आठव, हे त्याचं वाक्य तुम्ही वेळेच्या नियोजनात घातलं आहे. हा माणूस इ.स. १६१ ते १८० सम्राट होता, त्यातली बरीच वर्षं डॅन्यूबच्या काठावर युद्धात गेली आणि साम्राज्यभर साथ पसरलेली होती. तिथल्या छावणीत त्याने स्वतःपुरती टिपणं लिहिली. ‘माणसाचं काम’ म्हणजे काय ते तो दुसऱ्या ठिकाणी उलगडून सांगतो. आज मला आगंतुक, कृतघ्न, उर्मट माणसं भेटतील, असं तो सकाळीच मनाला बजावतो आणि पुढे लिहितो की आपण एकत्र काम करायला जन्मलो आहोत, जसे दोन पाय, दोन हात, वरचे आणि खालचे दात. आणखी एका जागी तो स्वतःला ताकीद देतो की सीझर होऊन बसू नकोस, त्या जांभळ्या रंगात रंगून जाऊ नकोस. जांभळा म्हणजे सम्राटाच्या वस्त्राचा रंग. ज्याला हे टाळणं सगळ्यात अवघड, त्याने स्वतःसाठी लिहिलेलं हे वाक्य प्रत्येक नव्या साहेबाच्या टेबलाच्या काचेखाली असावं असं मला मनापासून वाटतं. सरकारी गाडी मिळालेल्या माणसाला ते पहाटे उठण्याच्या वाक्यापेक्षा जास्त लागणार आहे.

काटकसर आणि साधी राहणी यांचंही कौतुक तुमच्या नोट्समध्ये आहे, थोरला केटो या जुन्या रोमन राजकारण्याच्या नावाने. केटो साधा राहत असे हे खरं. पण त्याचं शेतीवरचं पुस्तक आज उपलब्ध आहे, आणि शेताच्या मालकाने काय काय विकून टाकावं याची यादी त्यात आहे. म्हातारे बैल, जुनी गाडी, मोडकी अवजारं, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम. प्लुटार्कने केटोचं चरित्र लिहिताना इथे थांबून त्याला खडसावलं आहे. आपल्यासाठी राबलेला बैलसुद्धा मी म्हातारपणी विकणार नाही, मग माणसाला कसा विकू, असं तो म्हणतो. हाच केटो इ.स.पू. १९५ मध्ये बायकांच्या दागिन्यांवरची आणि रंगीत कपड्यांवरची युद्धकाळातली बंदी उठवू नये म्हणून भांडला. बंदी घातली होती इ.स.पू. २१५ मध्ये, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना. युद्ध संपलं, पुरुषांची बंधनं सैल झाली, बायकांचं बंधन तेवढं ठेवायचं होतं. रोमच्या बायकांनी रस्त्यावर येऊन ती बंदी उठवायला लावली. केटो शिकवू नका असं मी म्हणत नाही. त्याची काटकसर कुणाच्या ताटातून निघत होती तेही शिकवा.

सिसेरोचं एकच सांगतो. इ.स.पू. ४४ च्या शरद ऋतूत, मारेकऱ्यांनी त्याला गाठण्याच्या साधारण वर्षभर आधी, त्याने अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी कर्तव्यांवर पुस्तक लिहिलं. सर्वांत खालच्या माणसालाही न्याय द्यायला हवा, असं त्यात तो स्पष्ट म्हणतो. गुलामांना मजुरीवरच्या माणसांसारखं वागवा, त्यांच्याकडून काम घ्या आणि त्यांचं जे असेल ते त्यांना द्या. आपल्या कार्यालयांत कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर महिनोन्‌महिने पगाराची वाट बघत बसतात, तेव्हा सिसेरोची ही ओळ मला कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त ताजी वाटते.

आता सेनेकाची दुसरी बाजू. ती लपवून शिकवलं तर मुलांना ते पोकळच वाटेल. हा साधेपणावर लिहिणारा माणूस प्रचंड श्रीमंत होता. टॅसिटसच्या इतिहासात त्याचा एक विरोधक विचारतो की राजाच्या चार वर्षांच्या मैत्रीत याने तीस कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) कुठल्या तत्त्वज्ञानाने जमवले? आणि सेनेका शिक्षकही होता, तुमच्यासारखाच सत्तेवर जाणाऱ्या तरुणाचा शिक्षक. नीरो अठरा वर्षांचा असताना त्याने त्याच्यासाठी दयेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो एक आठवण सांगतो. दोन दरोडेखोरांच्या मृत्युदंडाच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा नीरो म्हणाला होता, मला लिहिताच आलं नसतं तर बरं झालं असतं. सेनेकाला या वाक्याचं किती अप्रूप वाटलं होतं! त्याच नीरोने इ.स. ५९ मध्ये आईला मारवलं आणि इ.स. ६५ मध्ये खुद्द सेनेकाला आत्महत्येचा हुकूम पाठवला. चांगलं वाक्य तोंडात असणं आणि सही करताना हात थांबणं यांत किती अंतर असतं, ते या शिक्षकाइतकं कुणी भोगलं नसेल. उत्तराच्या सुरुवातीला वचन लिहिणाऱ्याला तुम्ही गुण देता, म्हणून हे सांगितलं.

तरी सेनेकाची एक सवय मुलांना लावाच. रात्री दिवा नेल्यावर, बायकोला सवय माहीत असल्यामुळे ती गप्प राहिल्यावर, तो दिवसभराचा हिशेब मांडत असे. तुमच्या नोट्समध्ये हे ‘आत्मपरीक्षण, उत्पादकता’ अशा मथळ्याखाली आहे. तो हिशेब कशाचा मांडायचा ते बघा. त्या वादात तू फार तिखट बोललास. त्या माणसाला सुधारायला गेलास आणि दुखावून आलास. त्यात किती पानं वाचून झाली याचा हिशेब नाही, दिवसभरात कुणाशी कसा वागलो याचा आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्या पुढच्या टेस्ट सिरीजमध्ये काल्पनिक जिल्हाधिकाऱ्यांच्या केस स्टडींबरोबर ही एक खरी केस घाला. इ.स. ६१. रोम शहराचा मुख्य अधिकारी पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच घरातल्या एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या छपराखालच्या सगळ्या गुलामांना मारायला हवं. ते आहेत ४००, त्यांत बायका आणि मुलं आहेत, बहुतेकांचा काही संबंध नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक दगड आणि मशाली घेऊन रस्त्यावर आले आहेत. सिनेटमध्ये कायद्याचा मोठा जाणकार कॅसियस उठून म्हणतो की प्रत्येक मोठ्या जरबेत काही जणांवर अन्याय होतोच, सगळ्यांच्या हितात तो भरून निघतो. सम्राटाचा सल्लागार सेनेका त्या काळात रोममध्येच आहे. टॅसिटसच्या वर्णनात त्याचा एक शब्दही नाही. चारशेच्या चारशे मारले गेले, रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे करून. त्यानंतरच्या काही वर्षांत सेनेकाने मित्राला पत्र लिहिलं, ज्यात तो गुलामांबद्दल म्हणतो की ती माणसं आहेत, आपल्याच घरात राहणारी.

प्रश्न असा द्या: तुम्ही त्या दिवशी सिनेटमध्ये बसलेले आहात. काय बोलाल, आणि तुमचं म्हणणं पडलं तर दुसऱ्या दिवशी काय कराल? २५० शब्द, २० गुण. याचं मॉडेल आन्सर देऊ नका. मुलांना वर्गात आपसात वाद घालू द्या, कायद्याच्या बाजूने उभं राहणाऱ्यालाही पूर्ण बोलू द्या. पिसोची आणि व्हेडियसची गोष्ट, एपिक्टेटसचा पाण्याचा प्रसंग आणि टॅसिटसमधला हा भाग मराठीत करून द्यायला मी तयार आहे. हस्तलिखित चालणार असेल तर लगेच पाठवतो, टाइप करून हवं असेल तर पुतणीची परीक्षा होईपर्यंत थांबावं लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून